पब्लिक बसलीय

गोरेगावच्या स्टँडवरची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. नऊ जणांच्या जागेत पंधरा बसले, दोघं मागच्या पायरीवर उभे राहिले, एखादी म्हातारी गिअरच्या दांड्याशी अंग चोरून बसली, की मग ड्रायव्हर हातातली बिडी टाकतो. तरीही गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागत नाही. ती आधी पंपावर जाते. बसलेल्यांकडून भाडं गोळा करायचं, त्यातलंच डिझेल घालायचं आणि मग निघायचं, अशी सगळ्यांची रीत. पंपावर रांग असली तर आतली माणसं घामानं भिजतात, लेकरं रडतात, कुणाची कोर्टाची तारीख हुकते, कुणाचा दवाखान्यातला नंबर जातो. कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं असतं, "पाच मिनिटं, मामा."

मी ज्यांच्याबद्दल सांगते आहे त्यांनी आयुष्यात कधी माणसं बसवून डिझेल घेतलं नाही. असा त्या स्टँडवर तो एकच माणूस. पहाटे रिकामी गाडी घेऊन ते पंपावर जायचे, टाकी भरायचे, काच पुसायचे, काचेजवळची निळी पताका सरळ करायचे आणि स्टँडवर येऊन उभे राहायचे. सातची गाडी म्हणजे सातची. आत चार माणसं असोत की दोन, ते किल्ली फिरवायचे. बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून ओरडायचे, "निघाले बघा कलेक्टर, रिकाम्या गाडीत!" कलेक्टर हे नाव त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. आम्ही कॉलेजच्या पोरी त्यांना काका म्हणायचो.

"काका, डिझेलला तर सगळेच थांबतेत की," मी एकदा म्हटलं होतं.

"थांबू दे. मानूस गाडीत बसला की त्याचा टाइम माझ्याजवळ गहान पडला. त्याला घेऊन पंपावर जानं म्हंजे पाव्हन्याला पाटावर बसवायचं आन् मंग किराणा आनाया निघायचं."

हे बोलताना ते हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. 'गाडी पब्लिकची, माझं नुसतं लोखंड' हे त्यांचं दुसरं वाक्य. पब्लिक हा शब्द ते देवाधर्माचं नाव घ्यावं तसा उच्चारायचे. गाडीत एकटी माझी आजी बसलेली असली तरी ती पब्लिक.

आमच्या घरी मेंढरं. वडिलांनी एकदा आजारी कोकरू सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला काढलं. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरनं ते टपावर बांधलं असतं. काकांनी पायाशी पोतं अंथरून दिलं आणि वडिलांना बजावलं, "पाटील, त्याला तकलीफ व्हईल आसं नगा धरू. त्ये बी पब्लिकच हाय." धनगराला कुणी पाटील म्हटल्याचा वडिलांना इतका आनंद झाला की कोकरू मेलं ते दुःख त्यांनी चार दिवस उशिरा केलं.

एकदा सेनगावच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला. काका खाली उतरले, टोपी काढली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "दोन घंटे लागतेन. दोनाचे तीन व्हतेन, पर दीड व्हनार न्हाई. ज्याला घाई हाय त्यानं मागल्या गाडीत बसा." मागून येणारी गाडी त्यांनी हात करून थांबवली आणि आम्हाला एकेकाला तिच्यात बसवून दिलं. त्या गाडीच्या ड्रायव्हरशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं. "पाच मिनटात व्हतंय म्हनून बसवून ठेवता आलं आस्तं की," तो ड्रायव्हर नंतर कुत्सितपणे म्हणाला. काका म्हणाले, "उशीर व्हनार आसंल तर तोंडानं सांगावं. मानूस दुसरी वाट धरतो. खोटा टाइम देनं म्हंजे त्याची ती वाट बी बंद करनं."

हे वाक्य मी पुढे एका कागदावर टाइप करून घेतलं. ते कसं, ते येईलच.

त्यांच्या या वेळेपायी सगळ्यात जास्त काकूंनी सोसलं. हिंगोलीच्या बाजारात बांगड्या भरायला बसलेल्या काकूंना सोडून हा माणूस परतीची गाडी घेऊन निघून आला होता. काकू मागच्या जीपनं आल्या, पंपावरची रांग, सोळा माणसं, सगळं भोगून दिवेलागणीला घरी पोहोचल्या आणि ओसरीत पिशवी आपटून शेजारणींना म्हणाल्या, "ह्यो मानूस माझ्या मातीला बी थांबायचा न्हाई, लिहून ठिवा!" माती म्हणजे आमच्याकडे अंत्यविधी. बायका पोट धरून हसल्या. काकूही हसल्या. मी तिथंच होते, मीही हसले.

त्यांना एकच मुलगी, सुजाता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पुढच्या सीटवर बापाशेजारी बसून शाळेला जायची. तिनं नांदेडला नर्सिंग केलं आणि पुढे इंग्लंडात एका दवाखान्यात लागली. स्टँडवर काका कुणालाही तिचा पगार सांगायचे नाहीत, काम सांगायचे नाहीत. एवढंच सांगायचे, "तिकडं बस टायमावर सुटती म्हनं. रिकामी आसली तरी." जणू आपल्या विचाराचा एक अख्खा मुलुख लेकीनं शोधून काढला आहे, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

काकूंच्या किडन्या गेल्या. हिंगोलीला आठवड्यातून दोनदा न्यावं लागायचं, ते काका स्वतःच्या गाडीतून न्यायचे, आणि तेव्हाही पहाटेच टाकी भरून ठेवायचे. मग एका चैत्रात डॉक्टरांनी सांगितलं, मुलीला बोलवा. सुजाता मिळालं त्या विमानात बसली. विमान थेट हैदराबादला, पहाटे उतरणार. तिथून ठरवलेली गाडी, म्हणजे दुपारी एकपर्यंत गोरेगाव. काकूंना घरी आणलं होतं. त्या दिवस उजाडायच्या सुमाराला गेल्या.

मला कळलं तशी मी गेले. काकांनी सगळं ठरवलं होतं. सुजाता एकला येते, माती दोन वाजता. कुरुंद्याला काकूंच्या माहेरी, नरसीला, सेनगावला निरोप गेले. "टाइम बराबर सांगा," ते फोन करणाऱ्या पुतण्याला म्हणत होते. "लोकं कामधंदा सोडून येतेत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक हैदराबादला उतरली असं समजून त्यांनी तो उचलला. ती हैदराबादला उतरली नव्हती. वाटेतल्या कुठल्याशा वाळवंटी मुलखात विमान मध्येच खाली आलं होतं, आणि ती आपल्या सीटवर पट्टा बांधून बसली होती.

"बाबा, तेल भराया उतरवलंय. आई कशी हाय?"

अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं काका काय म्हणाले ते. "आई गेली, बाई."

पलीकडून तिचा आवाज आला, बारीक, लहानपणीसारखा. "अर्धा तास म्हनून राहिलेत. मी येते. थांबा, बाबा."

काका फोन ठेवून अंगणात आले, टोपी काढली आणि म्हणाले, "विमान डिझेलला थांबलंय. अर्धा तास."

कुणी शंका घेतली नाही. त्यांच्या तोंडून निघालेला टाइम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला. अजून अर्धा तास. मग आणखी अर्धा. सुजाता दर वेळी विमानात जे सांगितलं जाई तेच बापाला सांगायची आणि बाप दर वेळी अंगणात येऊन तेच लोकांना सांगायचा. काकूंचे कुरुंद्याचे भाऊ तेव्हा पोहोचले होते. ते म्हणाले, "दाजी, हिंगोलीहून थंड पेटी आनू का? उन्हाचं दीस हायेत. पोरगी येईस्तोवर ऱ्हाईल."

"कशाला? अर्ध्या घंट्यात निघालंच की ते," काका म्हणाले. "मातीचा टाइम दोनाचा चार करू. चारला तर नक्कीच येती."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बसलेल्या माणसांचा टाइम पुढे ढकलला. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते प्रत्येक म्हातारीपाशी वाकून सांगत होते, "मावशे, दोनाचं चार झालं. माफी करा."

विमान तिथं तीन-चार तास उभं होतं. तेल लवकर भरून झालं होतं, पण तोवर वैमानिकाची कामाची वेळ संपली आणि दुसरा यायचा होता. हे आत बसलेल्यांना कुणीच सांगितलं नाही. त्यांना अर्धा तासच सांगत राहिले.

दुपारी एकला सुजाताचा फोन आला तो हैदराबादच्या बाहेरून, भाड्याच्या गाडीतून. "निघाले, बाबा. आता कुठंच थांबत न्हाई. तुमी थांबा."

काकांनी "ये, सावकाश ये" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रस्त्यावर ते स्वतः गाडी घेऊन गेलेले होते. ती दिवे लागल्यावर पोहोचणार, हे त्यांना फोन ठेवतानाच कळलं होतं. मी हिंगोलीला फोन लावला. थंड पेटी सकाळपर्यंत तिथंच होती, आता दुसऱ्या गावाला गेली होती, संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. मी काकांना म्हटलं, "चादरी ओल्या करून टाकू, बर्फ आणू, थांबू या."

ते अंगणाकडे बघत होते. मांडव नव्हता, लिंबाची सावली सरकून गेली होती. सकाळपासून आलेली माणसं उपाशी होती, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. नरसीची एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"शेवटची जीप साडेपाचाची हाय," ते म्हणाले. "ती गेली की ह्ये लोकं जातेन कशे?"

"आमी मुक्काम करू, दाजी," कुरुंद्याचे भाऊ म्हणाले.

"तुमी कराल. त्या म्हाताऱ्या?"

"एक दिवस राहतील की काका," मी म्हटलं.

"पब्लिक बसलीय," ते म्हणाले. "चारचा टाइम दिलाय मी."

चार वाजता भन्तेजींनी त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, आणि काकूंना उचललं. त्या बांगड्यांच्या दिवशी म्हणाल्या होत्या त्यातलं अक्षर न् अक्षर खरं झालं. त्या वाक्यावर हसलेल्या बायका तिथंच डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. साडेपाचच्या जीपनं सगळे पाहुणे गेले. काका स्वतः स्टँडवर जाऊन म्हाताऱ्यांना हात देऊन आत बसवून आले.

सुजाता आली तेव्हा अंगण धुऊन काढलेलं होतं. ती गाडीतून उतरली, चप्पल न काढता घरात गेली, बाहेर आली.

"आई कुठंय?"

काका ओट्यावर बसले होते. "पब्लिक बसली व्हती, बाई," ते म्हणाले.

मी तिला घेऊन नदीकडे गेले. सरण बसलं होतं, निखारे होते. तिनं हात पुढे केला, शेकायला करतात तसा, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. जलदानविधी होईपर्यंत ती राहिली. बापाला वेळेवर जेवायला वाढायची. मग गेली, ती आली नाही. दर रविवारी फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची, काका घेतल्या म्हणायचे, आणि फोन संपायचा.

त्याच पावसाळ्यात काका हिंगोलीला माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. ठरल्या वेळेला आले, बाहेर बाकावर बसले, माझा पक्षकार उठेपर्यंत आत डोकावले नाहीत.

"विमानावर केस टाकायची," ते म्हणाले.

मी त्यांना कायदा समजावला. परदेशातून येणाऱ्या विमानाला उशीर झाला आणि त्यानं प्रवाशाचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार असते. पण आम्ही शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे तिनं दाखवून दिलं तर ती सुटते. आपण ग्राहक आयोगात जाऊ, भरपाई मागू.

"भरपाई नगं. बोलनं पाहिजे."

"कसलं बोलणं?"

"की आमच्यामुळं झालं. त्यांनी म्हनावं. आन् ते सुजाताला पोचावं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "ती मला काईच म्हनत न्हाई, पोरी. शिव्या दिल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं. गोळ्या घेतल्या का इचारती."

तक्रार सुजाताच्या नावानंच करावी लागणार होती, कारण प्रवासी ती. मी तिला कळवलं. तिनं तिकीट आणि सह्या पाठवल्या, सोबत एक शब्द नाही.

तारखा सुरू झाल्या. दर तारखेला काका आयोगाचं दार उघडायच्या आधी हजर. कंपनीचे वकील मोठ्या शहरातून यायचे, कधी यायचेच नाहीत, कधी मुदत मागायचे. काकांनी मला विचारलं, "आता काहून पुढं ढकललं?" मी म्हटलं, त्यांना उत्तर लिहायला वेळ हवा. काका म्हणाले, "ह्ये बी काळी-पिवळीच निघालं. आनखी एक सीट भरली की सोडतो." मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कंपनीचं म्हणणं आलं. नेहमीच्या वाटेवरच्या एका देशानं भांडणापायी आपलं आकाश बंद केलं होतं, त्यामुळे वळसा पडला. समोरून वारा होता. इंधन कमी पडेल असं दिसताच वैमानिकानं मध्ये उतरायचं ठरवलं. प्रवाशांचा जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य. वारा आणि युद्ध यांना कंपनी जबाबदार नाही.

मी हे काकांना वाचून दाखवलं. "क्यापटननं बराबर केलं," ते लगेच म्हणाले. "टाकी रिकामी आसताना रेटायचं न्हाई. त्याचं मला काईच म्हननं न्हाई." मग म्हणाले, "पर रस्ता तर आधीच बंद व्हता ना? निघताना म्हाईत व्हतं." हा मुद्दा माझ्या कागदात पहिल्याच पानावर होता: आकाश आठवडाभर आधीपासून बंद होतं, वळसा पडणार हे ठाऊक होतं, मग तेवढं इंधन भरून का निघाले नाहीत, किंवा थांबा आधीच ठरवून प्रवाशांना तसं का सांगितलं नाही? मला वाटलं, या मुद्द्यावर काका खूश होतील. झाले नाहीत.

"थांबले त्याचं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "अर्धा तास म्हनले त्याचं हाय. सकाळीच सांगितलं आस्तं, दीस जाईल म्हनून, तर मी लोकायला म्हनलो आस्तो, जावा, उद्या या. पेटी आनली आस्ती. मी जल्मात कुनाला खोटा टाइम दिला न्हाई. म्हनून मला खोटा टाइम वळखाया आला न्हाई. स्टँडवरचं कोनतंबी पोरगं वळखलं आस्तं."

मग मी त्यांचं ते जुनं वाक्य, खोटा टाइम देणं म्हणजे माणसाची दुसरी वाटही बंद करणं, जसंच्या तसं युक्तिवादात घातलं. ते मी आयोगापुढे वाचलं तेव्हा अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

मग कंपनीचे वकील उठले. तरुण होते, सभ्य होते, आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी काकांचंच प्रतिज्ञापत्र हातात घेतलं. मुलीनं एक वाजता फोन केला. ती रस्त्यावर आहे, येते आहे, थांबा, असं म्हणाली. ती दिवेलागणीनंतर पोहोचली. मृतदेह चारला हलवला. "साहेब, उशिरासाठी आम्हाला काय बोलायचं ते बोला. पण आईचं तोंड दिसलं नाही ते विमानामुळं नाही. त्या वेळी विमान उतरून गेलं होतं. तो निर्णय घरातल्यांचा होता."

अध्यक्ष काकांकडे वळले. कठोरपणे नाही, विचारावं म्हणून विचारलं. "बाबा, थांबता आलं नसतं का?"

काका उभे राहिले. टोपी काढली. मी त्यांना खुणेनं सांगत होते, पेटीचं सांगा, उन्हाचं सांगा, अर्ध्या तासाचं सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"शेवटची जीप साडेपाचाची व्हती, साहेब," ते म्हणाले.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. वकिलांनी कागद खाली ठेवला. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. या माणसानं आयुष्यभर जे एकच व्रत पाळलं ते या एका वाक्यात होतं, आणि हिंगोलीच्या त्या खोलीत ते वेडगळ वाटलं. मला तिथं ओरडावंसं वाटलं होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनीनं पुरेसं इंधन न घेता निघणं ही सेवेतली त्रुटी, प्रवाशांना खरी वेळ न सांगणं ही त्याहून मोठी त्रुटी, उशिराची जबाबदारी कंपनीची. हे सगळं स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद होता. अंत्यविधीला मुकल्याच्या दुःखाबद्दल आयोगाला सहानुभूती आहे, मात्र विधी ठरवण्याचा निर्णय वडिलांनी स्वेच्छेनं घेतला असल्यानं त्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येत नाही.

काकांनी तो परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"आपण अपील करू," मी म्हटलं.

"कशाला? बराबर लिवलंय." त्यांनी टोपी घातली. "ह्ये सुजाताला जाईल का?"

"तक्रार तिची आहे, काका. तिला जाणारच."

"जाऊ दे," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "मी कंपनीचं बोलनं मागाया आलो व्हतो. माझंच मिळालं."

त्यानंतर त्यांनी गाडी विकली. का, ते कुणाला सांगितलं नाही. दुपारी स्टँडवर येऊन बसायचे. पोरं पंपावर माणसं घेऊन जायची, पाच मिनिटं म्हणायची, काका काही बोलायचे नाहीत. कलेक्टर म्हणूनही कुणी चिडवेनासं झालं. हिवाळ्यात एका सकाळी ते ओट्यावरच गेले, बसल्या बसल्या.

या वेळी गाव शहाणं झालं होतं. थंड पेटी तासाभरात हिंगोलीहून आली. कुरुंद्याचे भाऊ पोहोचताच म्हणाले, "दोन दीस लागू द्या, तीन लागू द्या, लेक आल्याबिगर हात लावायचा न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर गाड्या बंद करून आले होते. सुजाताला फोन मी लावला.

ती म्हणाली, "ताई, लोक आलेत का?"

"आलेत गं. अंगण भरलंय. तू काळजी करू नकोस, पेटी आणलीय, सगळे थांबणार आहेत. तू विमान बघ."

"बसलेत का लोक?"

"बसलेत."

"शेवटची जीप अजून साडेपाचलाच हाय का?"

मी हो म्हटलं.

"मंग त्याच्या आधी उचला," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबवू नका कोनाला. बाबाला चालायचं न्हाई."

तिचा आवाज अगदी कोरडा होता. त्या शब्दांत माफी होती, की निकालातला तो परिच्छेद वाचून तिनं बापाचं माप बापाच्या पदरात घातलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. माफी होती असं मी धरून चालते. एवढंच वाटतं की हे चार शब्द तिनं तो ओट्यावर बसलेला असताना एखाद्या रविवारी, गोळ्यांचं विचारून झाल्यावर, म्हणायला हवे होते. त्यासाठीच तर तो माझ्या ऑफिसात आला होता.

मी अंगणात आले आणि सांगितलं. कुरुंद्याचे भाऊ आधी चिडले, मग रडले. चार वाजता आम्ही त्यांना उचललं. साडेपाचची जीप वेळेवर सुटली. ड्रायव्हर पोरगं कुणाच्या सांगण्यावाचून दुपारीच रिकामी गाडी घेऊन पंपावर जाऊन आलं होतं. तीन सीटा रिकाम्या होत्या, तरी ते कुणाची वाट न बघता निघालं.